एकभुक्त

व्रत मोडणे हा दोष आहे, आणि संकल्प केलेले दान हातातून देण्यापूर्वीच नासवणे हाही दोष आहे. यांपैकी एक पत्करल्यावाचून दुसरा टळू नये, अशी वेळ माणसावर क्वचितच येते. माझ्यावर ती बावन्नाव्या वर्षी आली. एका गुरुवारी, सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत.

"गुरुजी, बारावी मी धरत नाही," नसीम मुलाणी म्हणाली. "तुम्ही हाताचा आधार घेतलात."

मी खुर्चीत बसून धापा टाकीत होतो. छातीवर हात बांधून खुर्चीतून उठायचे, पुन्हा बसायचे, आणि अर्ध्या मिनिटात असे किती वेळा जमते ते तिने मोजायचे, अशी ती परीक्षा होती. तीन आठवड्यांपूर्वी मी सतरा वेळा उठलो होतो. आज अकरा.

"काल झोप नीट लागली नाही," मी म्हणालो.

"बरं. मग मूठ बघू."

तिने हातात एक यंत्र दिले. मी होता नव्हता तेवढा जोर लावून दाबले. तिने आकडा पाहिला, मागच्या वेळचा कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि काही बोलली नाही. कऱ्हाडच्या त्या रुग्णालयात व्यायामोपचार करणारी ती तिशीतील मुलगी स्वभावाने बोलकी होती. तिचे गप्प होणे मला बरे वाटले नाही.

येथे मागचे थोडे सांगितले पाहिजे. माझी धाकटी बहीण कुमुद त्या वेळी पंचेचाळीस वर्षांची होती. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत असे आणि कन्याशाळेत गणित शिकवीत असे. तिचे यकृत निकामी होत चालले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले की, कोणा जवळच्या नातलगाने आपल्या यकृताचा भाग दिला तरच ती वाचेल, आणि तेही दोन महिन्यांच्या आत. त्यापुढे तिला शस्त्रक्रिया सोसणार नाही. तिचे यजमान वारले होते. मुलगी सतरा वर्षांची, म्हणजे कायद्याने अपात्र. राहिलो मी. रक्त जुळले, बाकीच्या तपासण्या जुळल्या. पण माझ्या स्वतःच्या यकृतात चरबी निघाली, शंभर भागांत बावीस. ती सात आठवड्यांत दहाच्या खाली आणा, असे डॉक्टर म्हणाले, आणि उठता उठता म्हणाले, "चरबी उतरवा शास्त्रीबुवा, ताकद उतरवू नका. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तुम्हाला उठवून बसवायचं आहे."

त्यासाठी त्यांनी मला गावातल्या गावात नसीमच्या हवाली केले होते. तिचे सांगणे सोपे होते. रोज चाळीस मिनिटे भराभर चालायचे. इतके की बोलता येईल, पण स्तोत्र म्हणता येणार नाही. आठवड्यातून तीन दिवस पाण्याने भरलेले डबे उचलायचे, खुर्चीतून उठाबशा काढायच्या, भिंतीला हात टेकून दंड घालायचे. तूप, साखर, तळण बंद, भात अर्धा. आणि तिन्ही वेळा डाळ, उसळ, दही, पनीर यांपैकी काहीतरी पोटात गेलेच पाहिजे. काय खाल्ले ते एका वहीत लिहून आणायचे.

मी होकार दिला होता. परंतु पुण्याहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशीच पहाटे मी कृष्णेच्या घाटावर ओंजळीत पाणी घेऊन वेगळा संकल्प केला होता. शस्त्रक्रिया होईपर्यंत एकभुक्त राहीन, म्हणजे दिवसातून एकदाच, माध्यान्ही जेवीन. आणि दही व द्विदल, म्हणजे सर्व डाळी आणि कडधान्ये, वर्ज्य करीन. आमच्या घराण्यात चातुर्मासात भाद्रपदात दही आणि कार्तिकात द्विदल सोडण्याची चाल पिढ्यान् पिढ्या होती. मी दोन्ही एकत्र केली. देवाकडे एवढे मोठे मागायचे, तर त्याला काही कठीण द्यावे असे मला वाटले. हे फक्त माझ्या पत्नीला, पद्मजेला, ठाऊक होते.

"वजन किती उतरलं?" नसीमने विचारले.

"सहा किलो." हे सांगताना माझ्या स्वरात थोडा अभिमान होता, हे आज लपवीत नाही.

"सहा." तिने अंगातील चरबी आणि मांस मोजणाऱ्या यंत्रातून निघालेली चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "यात चरबी गेली अडीच. उरलेलं साडेतीन मांस आहे. थोडं पाणी धरा, तरी तीन. आणि आजच्या तपासणीत लिव्हरची चरबी बाविसाची वीस झालीय. वीस, गुरुजी."

"मांस कसे जाईल? मी तर रोज दीड तास चालतो."

"मी चाळीस मिनिटं सांगितली होती."

"अधिक केले."

"कसं चालता? भराभर?"

"चालताना माझा नित्यपाठ पूर्ण होतो."

"म्हणजे रमतगमत. आणि काही खाऊन?"

मी खांद्यावरचे उपरणे सारखे केले.

"हिवाळ्यात घर तापवायचं तर सरपण लागतं," ती हळू म्हणाली. "सरपण आणलं नाही, तर माणूस घराचे वासे काढून जाळतो. ऊब येते. पण घर जातं. तुमच्या अंगात तेच चाललंय. चालण्यानं चरबी जळते हे खरं, पण अंगाला ताकदीचं काम दिलं आणि डाळदूध दिलं तर. नाहीतर ते मांसच खातं." तिने वही उघडली. "आणि इथं तर रोज लिहिलंय. मुगाची उसळ एक वाटी. दही एक वाटी. मटकी. पनीर. हे खाता तुम्ही?"

"वहीतील अक्षर माझे नाही," मी म्हणालो.

"अक्षर कुणाचं ते मी विचारलं नाही."

खोलीबाहेर कोणाची तरी चाकांची खुर्ची करकरत गेली. एकवीस दिवस मी स्वतःला समजावले होते की, मी असत्य लिहिले नाही. वही पद्मजा लिहीत होती, मी फक्त ती नेऊन देत होतो. शास्त्राच्या बारकाव्यात मी आयुष्य घालवले होते, आणि तो बारकावा मी येथे स्वतःसाठी वापरला होता. आता त्या मुलीपुढे तो दोन क्षणही टिकला नाही.

मी तिला व्रत सांगितले.

ती रागावेल असे वाटले होते. ती वहीचे पान बोटाने दुमडत राहिली. मग म्हणाली, "किती दिवस झाले?"

"एकवीस."

"मला आज संध्याकाळच्या आत पुण्याला कळवायचं आहे. या आकड्यांवर मी काय लिहू? 'दाता अशक्त होत आहे' एवढं लिहिलं की तुमचं नाव खोडतील ते. मग ताईंचं काय?"

"तू जे खरे आहे तेच लिही."

"खोटं मी लिहिणारच नाही, त्याची काळजी नको. मला एवढंच कळायला हवं, की पुढचे चार आठवडे तुम्ही खाणार आहात की नाही. खाणार असाल तर मी तसं लिहीन, आणि चार आठवड्यांत जमवून दाखवीन. नसाल तर आजच कळवलेलं बरं. निदान त्यांना दुसरं काही बघता येईल."

"दुसरे कोणी नाही."

"मग सांगा."

"नसीम, संकल्प करून घेतलेले व्रत मध्येच टाकता येत नाही. लोक माझ्याकडे अशा गोष्टींचे निर्णय विचारायला येतात."

"मला तुमच्यातलं कळत नाही, गुरुजी." तिने कागद गोळा केले. "माझा बाप मसूर गावात म्हशी पाळतो. बाजारात सौदा ठरला, आणि घेणारा आठ दिवसांनी नेतो म्हणाला, तर ते आठ दिवस बाप त्या म्हशीला घरच्या म्हशींपेक्षा जास्त पेंड घालतो. आई भांडते, की विकली ना, आता कशाला तिचे लाड. तो म्हणतो, आता ती आपली नाही. अमानत आहे. आपली असती तर एक दिवस उपाशी ठेवली असती." ती उठली. "मी चार वाजेपर्यंत थांबते."

रस्त्यावर आलो तो 'अमानत' हा तिचा शब्द मनात घेऊन. दानाचा संकल्प झाला की ती वस्तू दात्याची राहत नाही. देईपर्यंत ती त्याच्याकडे ठेव म्हणून असते, आणि ठेव जपावी लागते. हे मी पाठशाळेत पंचवीस वर्षे शिकवीत होतो. गाय, भूमी, सुवर्ण, सर्वांची उदाहरणे देत होतो. स्वतःच्या पोटाचे उदाहरण मला सुचले नव्हते.

घरी पद्मजेने पान वाढले होते. भात, दुधी भोपळ्याची भाजी, वाटीभर दूध. माझ्या व्रताचे जेवण.

"काय म्हणाली ती?"

मी सगळे सांगितले. ती ऐकत राहिली, आणि शेवटी ताटाभोवती पाणी फिरवण्यासाठी तांब्या माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "जेवून घ्या."

"पद्मजा, चार वाजता तिला उत्तर द्यायचे आहे."

"व्रत मोडू नका."

"मग नाव खोडले जाईल."

"खोडू दे." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "अपात्र ठरलात तर ठरलात. तुम्ही काही नाही म्हणाला नाहीत. रोज उपाशी राहून देवाला साकडं घातलंत. याच्यापुढं माणसानं काय करावं? कुणी बोट दाखवू शकणार नाही तुमच्याकडे."

"म्हणून तू वही लिहिलीस?"

"मग कशासाठी लिहिणार?" तिचा आवाज फुटला. "कुमुदवन्सं माझ्या सख्ख्या बहिणीसारख्या आहेत. पण तुमचं पोट उभं आडवं चिरणार आहेत ते. सगळे विचारतात कुमुदचं कसं, कुमुदचं कसं. तुम्ही टेबलावरून उठलाच नाहीत तर माझं कसं, हे एकानं विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

ती आत गेली. मी पानावर बसून राहिलो. भाताची वाफ निवली. तिने जे उघड सांगितले होते, ते ऐकून मला राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि तेच मला अधिक भयंकर वाटले. तिच्या प्रत्येक वाक्याला माझ्या आत कोठेतरी मान डोलावली जात होती.

न जेवता मी उठलो आणि कुमुदकडे गेलो. दोन वाजले असावेत.

ती ओसरीवर उन्हात पाय घेऊन बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे, पावले सुजलेली, मांडीवर शाळेतून आणलेल्या वह्यांचा गठ्ठा.

"ये अण्णा. किती रे वाळलास. लोक म्हणतील, आजारी कोण आणि देणारा कोण."

"वह्या कशाला तपासतेस?"

"घरी बसून करू काय? आणि या मुलींना कोणी सांगायचं, की अपूर्णांकाची बेरीज करताना छेद बेरजेत घालायचा नसतो." तिने वह्या बाजूला ठेवल्या. "काय झालं? तुझा चेहरा बरा नाही."

मी तिला व्रत सांगितले, यंत्राची चिठ्ठी सांगितली, चार वाजताची मुदत सांगितली. पद्मजेचे बोलणे मात्र सांगितले नाही. कुमुद ऐकताना आपल्या नखांकडे पाहत होती.

"माझ्यासाठी संकल्प केलास."

"होय."

"माझं नाव घेऊन."

"होय."

"मला विचारलंस?"

"असे कोणी विचारीत नाही, कुमुद."

"का नाही? मला जेवायला वाढायचं झालं तर तू दहादा विचारतोस, तिखट चालेल का, मीठ चालेल का. इथं माझ्या जिवावर पाणी सोडलंस आणि मला पत्ता नाही." ती थोडी थांबली, दम घेऊन बोलली. "अण्णा, एक विचारू? चिडू नकोस."

"विचार."

"तुला भीती वाटते ना?"

समोरच्या घरी कोणी तरी गहू पाखडत होते. सुपाचा आवाज एका लयीत येत होता. मी सुपाकडे पाहत राहिलो.

"तुला लहानपणी विहिरीत उडी मारायची भीती वाटायची," ती म्हणाली, "तेव्हा तू काठावर बसून संध्या करायचास. आम्ही सगळे पोहून वर यायचो, तरी तुझी संध्या चाललेली. आईला वाटायचं, किती भाविक मुलगा. मला माहीत होतं."

तिने पाय उन्हात आणखी पुढे सरकवले.

"मी रागावणार नाही. देणार नाहीस तरी रागावणार नाही, खरंच सांगते. पण मला असं फसवू नकोस. उपाशी राहून नापास व्हायचं, आणि मग म्हणायचं, देवाची इच्छा. तसं झालं तर मी जाईन ती जाईन, पण तू उरलेल्या आयुष्यात आरशात बघू शकणार नाहीस. मला त्याचंच वाईट वाटतं."

अखेर मी म्हणालो, "वाटते."

"काय?"

"भीती वाटते. पुण्याला त्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली, तेव्हापासून. रात्री पोटावर त्या रेघेच्या जागी हात फिरवतो. व्रत घेतले तेव्हा वाटले, हे तुझ्यासाठी आहे. तसे ते होतेही. पण आता विचारलेस म्हणून सांगतो, वजनाचा काटा उतरू लागला तेव्हा माझ्या मनात एकदा असेही आले, की बरे झाले, कदाचित नको म्हणतील."

मी हे यापूर्वी कोणालाही, स्वतःलाही, सांगितले नव्हते. कुमुदने हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर ठेवला. तिचा हात थंड होता.

"मग भीती घेऊनच ये," ती म्हणाली. "पण उपाशी येऊ नकोस."

ती उठू लागली. मी नको म्हणालो, तरी भिंत धरून आत गेली आणि एका वाटीत सकाळची मटकीची उसळ, दुसऱ्या वाटीत दही घेऊन आली. तिच्या पथ्याचे, बिनतिखटाचे. वाटी खाली ठेवताना थोडे दही फरशीवर सांडले.

"माझ्या नावानं घेतलंस ना? मी म्हणते, मला पोहोचलं. पुरे. प्रायश्चित्त काय असेल ते ऑपरेशन झाल्यावर घे. लागेल तेवढं घे. आता जेव."

ज्याच्यासाठी व्रत, त्यानेच मोकळे केले तर काय, याविषयी ग्रंथांत काय आहे हे मला ठाऊक होते, आणि त्यावर मतभेद आहेत हेही ठाऊक होते. त्या दुपारी मी मतभेद बाजूला ठेवले. आचमन केले आणि बहिणीसमोर बसून उसळ खाल्ली. एकवीस दिवसांनंतर कडधान्याचा तो पहिला घास होता. ती माझ्याकडे पाहत होती. वर्गात एखादी मुलगी फळ्यावर गणित सोडवत असताना पाहावे, तशी.

चारला दहा मिनिटे असताना मी नसीमच्या दारात उभा राहिलो. ती खुर्चीत नुसती बसून होती, कागद समोर कोराच होता.

"खाईन," मी म्हणालो. "तू सांगशील ते, सांगशील तेव्हा. यापुढे वही मी लिहीन."

तिने मान हलवली आणि माझ्या देखत लिहिले, की पहिल्या तीन आठवड्यांत दात्याने आहाराचे पथ्य पाळले नाही, त्यामुळे ताकद घटली. दात्याने हे स्वतः सांगितले असून चार आठवड्यांची मुदत मागितली आहे. एकही शब्द तिने मऊ केला नाही. मी सही केली.

"उद्या सहाला घाटावर या," ती म्हणाली. "पाठ घरी म्हणून या."

ते चार आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी दुधात कालवलेले सातूचे पीठ पिऊन घाटावर जायचे. नसीम हातात घड्याळ घेऊन उभी. दोन मिनिटे भराभर, एक मिनिट सावकाश, पुन्हा दोन मिनिटे. असे चाळीस मिनिटांपर्यंत, पुढे एक पाऊल नाही. मी आणखी चालू लागलो की ती म्हणे, "हावरेपणा नको गुरुजी, थांबा." मग घाटाच्या पायऱ्या. मग दोन्ही हातांत पाण्याचे डबे. ओळखीचे लोक नदीवर येता जाता थांबून पाहत. एकाने विचारले, "शास्त्रीबुवा, या वयात तालीम?" नसीमने परस्पर सांगितले, "लग्नाला चाललेत, अंगरखा बसत नाही." मला हसू आले, आणि हसण्यातच चार पायऱ्या अधिक चढून गेलो.

पद्मजा पहिले आठ दिवस माझ्याशी मोजके बोलली. पण तिन्ही वेळा ताटात वाटी येत होती. कधी मूग, कधी घट्ट वरण, कधी ताकातले बेसन. नवव्या दिवशी ती पायांत चपला घालून दारात उभी राहिली. "मीही येते. तो डबा किती जड आहे ते तरी पाहू." घाटावर जाताना मी तिला विचारले, "मी उठलो नाही तर तुझे कसे?" ती चालता चालता म्हणाली, "विचारलंत एवढं बास." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, मी मात्र दोनदा काढला, घर, पाठशाळा, तिचे भाऊ, सगळे नीट बोलून ठेवले.

शेवटच्या तपासणीला पुण्यास गेलो. यकृतातील चरबी आठ भाग. खुर्चीतून अठरा वेळा उठलो. डॉक्टरांनी नसीमचा आधीचा कागद आणि नंतरचा कागद दोन्ही वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सोमवारी दाखल व्हा."

शस्त्रक्रियेच्या दिवशी मला भीती वाटली. पुष्कळ वाटली. स्ट्रेचर ढकलत नेणाऱ्या मुलाने विचारले, "बाबा, ठीक ना?" मी म्हणालो, "घाबरलो आहे, पण चल." दुसऱ्या दिवशी दोघांनी धरून मला बसवले. पोटात विस्तव होता, पण पाठ ताठ राहिली आणि मांड्यांनी भार घेतला. तिसऱ्या दिवशी मी अतिदक्षता विभागाच्या काचेपर्यंत चालत गेलो. काचेपलीकडे कुमुद होती, नळ्यांच्या जाळ्यात, आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पुन्हा पांढरा होऊ लागला होता.

या गोष्टीला आता चौदा वर्षे होतील. कुमुद निवृत्त झाली. शेजारच्या मुलींना फुकट गणित शिकवते आणि त्यांच्यावर ओरडते. व्रतभंगाचे प्रायश्चित्त मी यथाविधि घेतले; भीतीचे काय घ्यावे ते कोणत्याही ग्रंथात सापडले नाही, म्हणून ती येथे लिहून ठेवली.

जिने माझ्याविषयी एकही खोटे अक्षर लिहिले नाही, त्या मुलीच्या हातांना यश असो. जिने माझ्यासाठी खोटे लिहिले, तिचे मन निर्भय असो. आणि जिने मला बसवून जेवू घातले, तिला रोज वेळेवर भूक लागो.